गार्डनचं आरक्षण नकाशावर आहे, जागेवर कधी येणार? नाशिककरांसाठी राखीव जमिनीचा मार्गदर्शक

नव्या वसाहतीत फ्लॅट बघायला गेलं की समोरच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून सांगितलं जातं, ‘इथे गार्डनचं रिझर्व्हेशन आहे.’ पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत आणि मखमलाबादपासून चेहेडीपर्यंत हे वाक्य ऐकू येतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण आरक्षण पडलं की जमीन सार्वजनिक झाली, हा समज साफ चुकीचा आहे. आरक्षण पडल्यावरही सातबाऱ्यावर मूळ मालकाचंच नाव राहतं. ठरावीक मुदतीत पालिकेने जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक कायदेशीर नोटीस देऊन ती मोकळी करून घेऊ शकतो.

नाशिकमध्ये ही मुदत आता जवळ आली आहे. शहराचा सुधारित विकास आराखडा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी राखायची ते ठरवणारा नकाशा, २०१७ मध्ये मंजूर झाला. कायद्यातली दहा वर्षं २०२७ मध्ये पूर्ण होतात. ते सिंहस्थाचं वर्ष आहे, पालिका आणि महसूल यंत्रणा तेव्हा गोदाकाठी आणि त्र्यंबकेश्वरी गुंतलेली असेल. त्यामुळे आपल्या भागातल्या राखीव जागेचं काय झालं, हे विचारायची वेळ आत्ताची आहे. ते कसं विचारायचं, कोणाला विचारायचं आणि गावाकडच्या सरकारी जमिनीचं काय करायचं, हे क्रमाने मांडतो.

आधी जमीन कोणाची, ते शोधा

मोकळ्या दिसणाऱ्या सगळ्या जागा एकाच कायद्याखाली येत नाहीत, आणि चुकीच्या दारावर गेलं की वर्षं वाया जातात. सरकारी महसुली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते आणि तिला १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू होते. विकास आराखड्यातलं आरक्षण त्याच वर्षीच्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली येतं, ज्याला सगळे ‘एमआरटीपी’ म्हणतात. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत भूखंड एमआयडीसी देते. देवळालीत कॅन्टोन्मेंट आणि लष्कर आहे, डोंगरांकडे वन विभाग.

आणखी एक प्रकार लोक नेहमी विसरतात, तो म्हणजे ले-आउटमधली, म्हणजे मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना सोडलेली, ओपन स्पेस. बांधकामाच्या सध्याच्या एकत्रित नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेचा ले-आउट पाडताना साधारण १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. हे आराखड्यातलं आरक्षण नव्हे. ती जागा त्या ले-आउटमधल्या प्लॉटधारकांच्या उपयोगासाठी सोडलेली असते आणि मंजूर ले-आउट नकाशा हाच तिचा पुरावा असतो. तुमच्या कॉलनीतला प्रश्न ओपन स्पेसचा असेल, तर पुढची दहा वर्षांची चर्चा तुम्हाला लागू नाही. मंजूर ले-आउटची प्रमाणित प्रत मिळवा आणि बांधकाम परवानगीच्या फाइलवर लक्ष ठेवा.

कागद जमवायला सर्व्हे नंबर किंवा गट नंबरापासून सुरुवात करा. सातबारा ‘महाभूलेख’वर पाहता येतो. गावठाणात आणि सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका लागते. आराखड्यासाठी राजीव गांधी भवनातल्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. झोन दाखल्यावर जमीन निवासी आहे की शेती विभागात, कुठलं आरक्षण किती क्षेत्रावर आहे आणि रस्ता जातो का, हे कळतं. सर्व्हे नंबरचे हिस्से पडलेले असतील तर नेमका हिस्सा लिहा. आरक्षण पूर्ण नंबरावर नसून त्याच्या एका कोपऱ्यावर असणं नेहमीचंच आहे, आणि भांडणं त्या कोपऱ्याच्या हद्दीवरूनच होतात.

झोन दाखल्याइतकाच महत्त्वाचा, पण कोणी फारसा न मागणारा कागद म्हणजे विकास आराखड्याच्या अहवालातला आरक्षणांचा तक्ता. त्यात प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक, प्रयोजन, क्षेत्र आणि ‘समुचित प्राधिकरण’ दिलेलं असतं. हा शेवटचा रकाना आवर्जून वाचा. मैदान, बाग, भाजी मार्केट यांच्यासमोर बहुधा महापालिका असते. पोलीस ठाणं किंवा वीज उपकेंद्र असेल तर ते खातं. ज्याचं नाव त्या रकान्यात, त्यानेच पैसे उभे करून जमीन घ्यायची असते. पोलीस ठाण्याच्या आरक्षणासाठी नगरसेवकाकडे कितीही खेटे घातले, तरी पालिकेच्या अंदाजपत्रकात त्याला तरतूद सापडणार नाही.

नकाशावर जागा राखली जाते कशी

एमआरटीपीच्या कलम २२ मध्ये आराखड्यात काय काय असावं, ते दिलं आहे: शाळा, दवाखाने, बाजार, मैदानं, रस्ते, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, स्मशानभूमी. पालिका आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते, मग सध्याच्या जमीनवापराचा नकाशा बनतो, नंतर कलम २६ खाली प्रारूप आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतो. हरकती-सूचनांची मुदत तिथपासून चालू होते. हरकतींवर सुनावणी नियोजन समिती घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीचा अहवाल, पालिकेचे बदल आणि शेवटी कलम ३१ खाली राज्य सरकारची मंजुरी. सरकारने मोठे बदल सुचवले तर तेवढे भाग ‘वगळलेले भाग’ म्हणून पुन्हा हरकतींसाठी येतात आणि त्यांची मंजुरी मागाहून होते. तुमचा भूखंड अशा भागात असेल, तर दहा वर्षांची मोजणीही त्या मागाहूनच्या तारखेपासून तपासावी लागते.

नाशिकमध्ये हरकतींना किती वजन असतं, हे आपण पाहिलेलं आहे. सुधारित आराखड्याचा २०१३ चा मसुदा शहरभरच्या विरोधानंतर रद्द झाला आणि २०१५ मध्ये नवा मसुदा आला. म्हणून हरकत देताना नुसतं ‘आमचा विरोध आहे’ असं लिहू नका. सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, परिसरातली लोकसंख्या, जवळची शाळा किंवा मैदान किती अंतरावर आहे, पर्यायी जागा कुठे आहे, एवढं लिहा आणि सुनावणी मागितल्याचं स्पष्ट नमूद करा. पोच घ्या. आराखडा दर वीस वर्षांनी सुधारायचा असतो. एकदा हुकलेली संधी तुमच्या मुलांच्या शाळेची वर्षं उलटून गेल्यावर परत येते.

ताब्याचे तीन रस्ते

राखीव जागा पालिकेकडे प्रत्यक्ष येण्याचे तीन मार्ग आहेत, एमआरटीपीच्या कलम १२६ मध्ये ते सापडतात.

पहिला, मालकाशी करार करून पैसे देणं. दुसरा, पैशांऐवजी टीडीआर (खाली सांगतो) किंवा एफएसआय, म्हणजे प्लॉटवर वाढीव बांधकामाची मुभा. तिसरा, राज्य सरकारकडे अर्ज करून २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली सक्तीने संपादन. या तिसऱ्या मार्गात शहरी भागात बाजारमूल्य आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे जवळपास दुप्पट किंमत. गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडला तेवढा पैसा काढायचा म्हटलं की आयुक्त टीडीआरकडे वळतात.

टीडीआर म्हणजे आरक्षित जागा पालिकेला देऊन तिच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क. जमीन दाट वस्तीच्या भागाबाहेर असेल तर दिलेल्या क्षेत्राच्या दुप्पट, दाट वस्तीत असेल तर तिप्पट, असं सध्याच्या नियमावलीचं सूत्र आहे. मात्र तो हक्क कुठे वापरला जाणार यावरून त्याचं प्रत्यक्ष क्षेत्र बदलतं, कारण मूळ जागेचा आणि वापराच्या जागेचा रेडीरेकनर दर, म्हणजे सरकारने ठरवलेला भाव, यांचं गुणोत्तर धरलं जातं. आडगावच्या मालकाने मिळालेला टीडीआर महागड्या भागात वापरायचा म्हटला तर क्षेत्र घटतं. शेतकऱ्याने सही करण्याआधी हा हिशोब कागदावर मांडून घ्यायलाच हवा. ते न करता सर्टिफिकेट मिळाल्याच्या आनंदात विकून टाकलेले हक्क पुढे दुसऱ्याच्या फायद्याचे ठरतात.

याशिवाय समावेशक आरक्षण आहे. मालक जागेच्या ठरावीक भागावर दवाखाना, मार्केट किंवा वाचनालय बांधून किंवा मोकळी जागा तयार करून पालिकेला देतो आणि उरलेल्या भागात स्वतःचं बांधकाम करतो. पालिकेचा पैसा वाचतो, हे खरं. पण मैदानासाठी हा मार्ग वापरला गेला तर मुलांच्या वाट्याला येणारी जागा आकाराने आणि उपयोगाने कशी उरते, हे मंजुरीपूर्वीच्या नकाशात पाहा. चार बाजूंनी इमारतींनी वेढलेल्या चिंचोळ्या पट्टीत क्रिकेट खेळता येत नाही. माझ्या मते मैदान आणि बाग या आरक्षणांसाठी शक्यतो टीडीआरच वापरावा आणि पूर्ण जागा घ्यावी.

कलम १२७ आणि २०२७

हा भाग नीट वाचा, कारण सर्वांत जास्त जागा इथेच जातात.

अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक आपल्या हक्काची कागदपत्रं जोडून पालिकेला किंवा समुचित प्राधिकरणाला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीपासून २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. जमीन मोकळी होते आणि शेजारच्या जमिनीवर जे करता येतं ते तिच्यावरही करता येतं. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, नंतर बारा झाली, २०१५ पासून चोवीस.

‘पावलं उचलली’ म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात कडक भूमिका घेतली. महासभेने ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवलं, एवढ्याने भागत नाही. भूसंपादन कायद्याखालची घोषणा निघावी लागते. पालिकेच्या फायलीत पत्रव्यवहाराची चळत असते आणि तरीही आरक्षण जातं, त्याचं कारण हेच.

जुन्या, १९९३ च्या आराखड्यातली आरक्षणं पुढे चालू राहिली असतील तर? सुधारित आराखडा आल्यावर दहा वर्षं नव्याने मोजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. म्हणजे ज्या मालकाने आधीच्या आराखड्याच्या काळात नोटीस दिलीच नाही, त्याला २०१७ पासून पुन्हा थांबावं लागलं. ज्याची नोटीस त्याआधीच पूर्ण मुदत पार करून गेली होती, त्याची गोष्ट वेगळी. एकाच जमिनीवर वीस-पंचवीस वर्षं आरक्षण बसून राहिलेल्या कुटुंबाचं दुःख मी हलकं मानत नाही. त्यांना विकता येत नाही, बांधता येत नाही, बँक कर्ज देत नाही. अशा मालकासाठी कलम ४९ ची खरेदी सूचनाही आहे: आरक्षणामुळे जमीन वाजवी उपयोगाची राहिली नाही किंवा पडेल भावातच विकावी लागते, हे सिद्ध करून सरकारकडे जाता येतं, आणि त्यासाठी दहा वर्षं थांबावं लागत नाही. मालकाला वेळेत मोबदला मिळावा, ही मागणी रहिवाशांनीही केली पाहिजे, कारण मोबदला मिळाला तरच मैदान मिळणार आहे.

रहिवाशांनी करायचं ते असं. आपल्या प्रभागातल्या आरक्षणांची यादी करा आणि प्रत्येकासमोर ताबा आहे की नाही ते लिहा. ताबा नसलेल्यांपैकी दोन-तीन सर्वांत गरजेची निवडा. पन्नास जागांची मागणी केली तर एकही येत नाही. आयुक्तांना लेखी पत्र द्या, त्यात आरक्षण क्रमांक आणि टीडीआरने जागा घेण्याची विनंती. अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे जातं, तेव्हा पत्र दिवाळीच्या सुमाराला पोहोचलेलं बरं. मालक ओळखीचा असेल तर त्यालाही बैठकीत बोलवा. कलम १२७ च्या नोटिसा आल्या आहेत का, आल्या तर कोणत्या तारखेला, हे माहिती अधिकारात मागा. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये. म्हणून ‘सर्व आरक्षणांची सर्व माहिती’ असं लिहू नका. ‘आरक्षण क्रमांक अमुक, मौजे अमुक, कलम १२७ खाली प्राप्त नोटिशीची प्रत आणि त्यावरील कार्यवाहीच्या टिपणीची प्रत’ एवढंच लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

उद्देश बदलण्याचा घाट घातला तर

बागेचं आरक्षण उठवून तिथे व्यापारी वापर, किंवा मैदानाऐवजी पार्किंग, असे बदल कलम ३७ खाली होतात. त्यासाठी नोटीस प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि बदल आराखड्याचं मूळ स्वरूप पालटणारा नसावा लागतो. प्राधिकरणालाच जमीन नको असेल तर कलम ५० खाली ते आरक्षण वगळण्याची विनंती सरकारला करू शकतं. वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवरच्या बारीक अक्षरांतल्या जाहीर नोटिसा वाचणारं एक माणूस प्रत्येक वसाहतीत असायला हवं. हरकतीत १९९१ च्या बंगळूरूच्या निकालाचा आधार जरूर घ्या: बागेसाठी राखलेली जागा खासगी दवाखान्याला देणं सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं होतं. दवाखानासुद्धा लोकांच्याच कामाचा, हा युक्तिवाद तिथे टिकला नाही.

तपोवनाचा प्रश्न वेगळा का

साधुग्राम हे बारा वर्षांतून एकदा लागणारं प्रयोजन आहे. तपोवन परिसरात त्यासाठी जागा राखलेली आहे; काही पालिकेच्या मालकीची, बरीचशी शेतकऱ्यांची, जी पर्वापुरती भाड्याने घेतली जाते. काही महिन्यांच्या गरजेसाठी वर्षानुवर्षं जमीन अडकवून ठेवणं शेतकऱ्याला परवडत नाही आणि कायमची घ्यायची तर पालिकेला परवडत नाही, असा हा पेच आहे. २०२५ च्या अखेरीस तिथली झाडं तोडण्याच्या प्रस्तावावर शहरातून हरकतींचा पाऊस पडला. त्यातून एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: जमिनीचं प्रयोजन ठरलेलं असलं, तरी त्यावरचं झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याखाली स्वतंत्र परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष मानली जातात. झाडावर नोटीस लागली की हरकतीला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत फोटो, झाडाचा घेर आणि जागेचं वर्णन देऊन हरकत नोंदवा.

गावाकडे: गायरान, स्मशानभूमी, खळवाडी

सिन्नर, निफाड, दिंडोरीच्या गावांत प्रश्न उलटा असतो. जमीन सरकारचीच असते, ती कशासाठी राखली ते विसरलं गेलेलं असतं. महसूल संहितेच्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी सरकारी पडीक जमीन गुरचरण, जळण-वैरण, स्मशान-दफनभूमी, गावठाण, मुक्कामाचा तळ, खळवाडी, बाजार, रस्ते अशा कामांसाठी नेमून देऊ शकतात. एकदा नेमून दिली की त्यांच्या मंजुरीशिवाय दुसरा वापर करता येत नाही.

तुमच्या गावात काय राखलेलं आहे, ते ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडच्या, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडच्या, गाव नमुना एकच्या पोटनमुन्यांत दिसतं. एक-अ मध्ये वनजमिनी, एक-ब मध्ये सरकारी बिनभोगवट्याच्या, म्हणजे कोणालाही न दिलेल्या, जमिनी, एक-ई मध्ये अतिक्रमणं. एक-ब आणि एक-ई शेजारी ठेवून वाचलं की गायरानाची खरी स्थिती कळते. गायरान हलक्या हाताने वाटता येऊ नये म्हणून २०१७ मध्ये कलम २२-अ आलं: सार्वजनिक कामासाठी, तेही दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तेव्हाच, आणि सरकारच्या मंजुरीने. त्याआधी, २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायची योजना करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले होते आणि त्याच जुलैत राज्याचा शासन निर्णय निघाला.

गावाला अंगणवाडी, पाणीपुरवठ्याची टाकी किंवा स्मशानभूमीसाठी सरकारी जमीन हवी असेल तर ग्रामसभेच्या ठरावाने सुरुवात होते. ठरावात गट नंबर, क्षेत्र आणि प्रयोजन हवंच. प्रस्ताव तहसीलदारांकडे, मग मंडळ अधिकाऱ्याचा स्थळ पाहणी अहवाल, भूमी अभिलेखची मोजणी, प्रांतांमार्फत जिल्हाधिकारी. मोठ्या प्रकरणात नाशिकरोडच्या विभागीय आयुक्तांकडे किंवा थेट मंत्रालयात. आदेश हाती आला की अटी वाचा. किती मुदतीत वापर सुरू करायचा ते त्यात असतं, दुसऱ्या कामाला वापरली किंवा हस्तांतर केली तर जमीन सरकारजमा होते. आदेशानंतर फेरफार नोंद झाली का आणि हद्दीचे दगड रोवले का, हे स्वतः पाहा. कित्येक ठिकाणी आदेश फायलीत आहे, सातबारा जुनाच आहे, आणि वीस वर्षांनी शेजारचा शेतकरी ‘ही जागा आमचीच’ म्हणतो, तेव्हा गावाकडे दाखवायला काही नसतं.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीत मोकळी जागा बहुधा वनजमीन निघते आणि लोक तिथेच थांबतात. थांबू नका. २००६ च्या वनहक्क कायद्यातल्या कलम ३(२) प्रमाणे शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, पिण्याचं पाणी, रस्ता अशा तेरा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. अट अशी की ग्रामसभेची शिफारस असावी आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत. प्रस्ताव उपवनसंरक्षकांकडे जातो, आणि वन संवर्धन कायद्याखालची दिल्लीची लांबलचक वाट यात टळते.

उलट, जमिनीवर काहीच होऊ नये म्हणूनही ती राखता येते. रामशेजजवळच्या बोरगडला २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-अ खाली हा दर्जा फक्त सरकारी मालकीच्या जमिनीला देता येतो आणि जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी सल्लामसलत करावी लागते. आपल्या गावचा डोंगर वाचवायचा असेल तर आधी एक-अ आणि एक-ब नमुन्यांत तो कोणाच्या नावावर आहे ते पाहा. वन विभागाचा असेल तर ग्रामसभेचा ठराव उपवनसंरक्षकांना द्या, महसूल खात्याचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना, आणि एक प्रत दुसऱ्या खात्यालाही, म्हणजे ‘हा विषय आमच्याकडे नाही’ हे उत्तर यायला जागा उरत नाही.